बाळाच्या एक्स-रेवर एआयचा शेरा : किती मानायचा?

प्रश्न एका वडिलांचा आहे. थोडक्यात असा : चार महिन्यांच्या मुलीला खोकला झाला म्हणून छातीचा एक्स-रे काढला. सेंटरने दिलेल्या कागदावर सॉफ्टवेअरने छापलेला शेरा होता, 'हृदयाचा आकार वाढलेला. उजवीकडे वरच्या भागात सावली'. बालरोगतज्ज्ञांनी फिल्म उजेडात धरली, मुलीला तपासलं आणि 'काही नाही, घरी जा' म्हणाले. घरी आल्यावर आईवडिलांनी तो कागद पुन्हा वाचला आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. लहान मुलांच्या तपासण्यांत एआयवर किती विसंबायचं, असं त्यांनी विचारलंय.

आधी तुमच्या मुलीबद्दल बोलतो, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. फिल्म न बघता मी निदान करणार नाही. पण वीसेक वर्षं मुलांच्याच फिल्म वाचतोय, आणि 'मोठं हृदय, उजवीकडे वर सावली' हे वर्णन चार महिन्यांच्या बाळाबाबत ऐकलं की माझ्या मनात पहिलं नाव आजाराचं येत नाही, थायमसचं येतं.

थायमस ही छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला बसलेली मऊ ग्रंथी. बाळात ती चांगली ऐसपैस असते, दोन-तीन वर्षांपर्यंत एक्स-रेवर दिसते, मग दिसेनाशी होते. मोठ्या माणसाच्या फिल्ममध्ये तिचा मागमूस नसतो. बाळाच्या फिल्ममध्ये मात्र ती कधी उजवीकडे होडीच्या शिडासारखी पसरते, कधी दोन्ही बाजूंनी हृदयाला चिकटून त्याची सावली रुंद करून टाकते. बरगड्यांचा दाब पडून तिची कड किंचित लाटांसारखी दिसते. ती लाट दिसली की आम्ही निर्धास्त होतो. शंका उरलीच तर सोनोग्राफीचा प्रोब दोन मिनिटं छातीवर ठेवला की उत्तर मिळतं, किरणं नाहीत, सुई नाही.

शिवाय बाळाचा एक्स-रे निघतो कसा, तेही बघा. मोठा माणूस उभा राहतो, श्वास भरून धरतो, किरणं पाठीकडून येतात. बाळ उताणं असतं, आई हात धरून असते, टेक्निशियन काका खुळखुळा वाजवत असतात आणि बाळ टाहो फोडत असतं. रडताना श्वास सुटलेला असताना फिल्म निघाली की हृदय आडवं पसरलेलं दिसतं. किरणं समोरून येतात, त्यानेही ते थोडं फुगतं. मोठ्या माणसात हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त भरली तर आम्ही 'वाढलेलं' म्हणतो. तान्ह्या बाळात हेच प्रमाण ०.५५, अगदी ०.६० पर्यंत गेलं तरी ते बहुतेकदा निरोगीच असतं. ज्या यंत्राला ०.५० ची मोजपट्टी शिकवली, ते बाळांच्या फिल्मवर सरसकट 'हृदय मोठं' छापत सुटणार. यंत्राचं गणित तिथे चुकत नाही, मोजपट्टीच दुसऱ्याची असते.

आता थोडं विषयांतर, पण ते केल्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही. याच थायमसने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डॉक्टरांना, म्हणजे हाडामांसाच्या हुशार डॉक्टरांना, चकवलं होतं. त्या काळी शवविच्छेदनाला येणारे देह बहुतेक गरिबांचे असत. दीर्घ आजाराने, उपासमारीने खंगून गेलेली मुलं. आजारपणात आणि कुपोषणात थायमस आक्रसते. त्यामुळे ती आक्रसलेली ग्रंथीच सगळ्यांना 'नॉर्मल' वाटू लागली. मग एखादं धडधाकट बाळ झोपेत अचानक दगावलं आणि त्याच्या छातीत पूर्ण आकाराची थायमस दिसली की निष्कर्ष तयार : ग्रंथी वाढली, तिने श्वास कोंडला. १९०७ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला एका डॉक्टरने ही 'वाढलेली' थायमस एक्स-रे किरणांनी आटवायला सुरुवात केली, आणि पुढची चार दशकं हजारो निरोगी बाळांच्या मानेछातीवर असा शेक दिला गेला. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी थायरॉइडचा कॅन्सर झालेल्या मुलांचा पूर्वेतिहास काढला, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना तान्हेपणी थायमससाठी किरणं दिलेली निघाली.

त्या डॉक्टरांची नजर चांगली होती. त्यांनी नॉर्मल शिकलं ते चुकीच्या मुलांकडून. एआयबाबत माझी सगळी धास्ती आणि सगळी आशा या एका गोष्टीभोवती फिरते : यंत्र कुणाच्या फिल्म बघून शिकलं?

छातीच्या एक्स-रेची जी मोठी सार्वजनिक संग्रहालयं आहेत, त्यांतल्या बहुतेक फिल्म मोठ्या माणसांच्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये १,१२,१२० फिल्मचा संग्रह खुला केला, त्यातही मुलांचा वाटा किरकोळ. याचं कारण वाईट नाही. मुलांवर किरणं कमी वापरावीत हे आम्हीच एकमेकांना बजावत आलोय, म्हणून त्यांच्या फिल्म कमी. पण अडचण नुसत्या संख्येची नाही. प्रौढांचं 'नॉर्मल' वीस ते साठपर्यंत साधारण एकच. मुलांमध्ये तीन किलोच्या नवजातापासून साठ किलोच्या दहावीतल्या मुलापर्यंत सगळे येतात, आणि दर वर्षाला नॉर्मल बदलतं. मेंदूच्या एमआरआयचंच घ्या. मोठ्या माणसात पांढरा आणि करडा भाग ज्या छटांत दिसतो, त्या छटा तान्ह्या बाळात नेमक्या उलट्या असतात. मेंदूतल्या तारांवर वेष्टण चढत जातं तशा त्या पालटतात आणि दोन वर्षांच्या सुमारास चित्र मोठ्यांसारखं होतं. मधल्या सहाव्या-आठव्या महिन्यात तर दोन्ही भाग इतके एकसारखे दिसतात की नवे रेझिडेंट डॉक्टरही घाबरून फोन करतात.

मुलांच्या फिल्मचा गोंधळ केवढा महागात पडू शकतो, हे कोविडमध्ये जगाने पाहिलं, फक्त बातमी फारशी झाली नाही. चीनमधल्या ग्वांगझूच्या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयाचा एक संग्रह २०१८ पासून इंटरनेटवर फुकट उपलब्ध होता : १ ते ५ वर्षांच्या मुलांचे पाचेक हजार छातीचे एक्स-रे, काही नॉर्मल, काही न्यूमोनियाचे. २०२० मध्ये 'एक्स-रेवरून कोविड ओळखणारी' प्रारूपं बनवण्याची झुंबड उडाली, तेव्हा अनेकांनी कोविडच्या फिल्म मोठ्या माणसांच्या घेतल्या आणि 'कोविड नाही' या गटात ही ग्वांगझूची पोरं भरली. यंत्राने अचूकतेचे भलेमोठे आकडे दिले. देणारच. ते कोविड ओळखतच नव्हतं, ते मोठं माणूस आणि लहान मूल ओळखत होतं. केंब्रिज विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवरून कोविड ओळखण्याबद्दलचे ६२ शोधनिबंध बारकाईने तपासले आणि त्यांतलं एकही प्रारूप दवाखान्यात वापरण्याजोगं नाही असं सांगितलं. हा घोळ त्यांनी नोंदवलेल्या दोषांपैकी एक.

आपल्याकडे तर आणखी गमती. बाळाच्या फिल्मवर आईच्या बांगड्या येतात, ताईत येतो, पोटाच्या फिल्मवर चांदीचा करगोटा येतो. सात-आठ वर्षांच्या मुलीची घट्ट वेणी खांद्यावरून पुढे आलेली असेल तर फुफ्फुसाच्या टोकावर अशी सावली पाडते की क्षयाचा डाग वाटावा. एकदा अशीच फिल्म माझ्याकडे आली, कागदावर यंत्राचा 'टीबीची शक्यता' हा शेरा. मी टेक्निशियनला विचारलं, 'मुलीचे केस केवढे आहेत हो?' वेणी वर बांधून दुसरी फिल्म काढली, डाग गायब. घरच्यांचा चेहरा मात्र तोवर उतरला होता. खरं तर पहिली फिल्म काढतानाच वेणी वर बांधायला हवी होती. ती चूक यंत्राची नाही, आमची.

एवढं वाचून मी एआयच्या विरोधात आहे असं समजू नका. एका कामात मी ते रोज वापरतो आणि ते माझ्यापेक्षा सातत्याने करतं, हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. ते काम म्हणजे हाडांचं वय. उंची खुंटलेली मुलं, आठव्या वर्षाच्या आतच वयात येऊ लागलेल्या मुली, यांचा डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात आणि हाडं किती पिकली यावरून वय ठरवतात. आम्ही हे पिढ्यान्‌पिढ्या एका चित्रसंग्रहाशी ताडून करत आलो. ग्रॉयलिक आणि पाइल यांचा तो संग्रह १९५० चा, त्यातली मुलं १९३०-४० च्या दशकांतल्या क्लीव्हलंडची, खात्यापित्या गोऱ्या घरांतली. सोलापूरच्या मुलीचा हात आम्ही त्यांच्याशी ताडतो! एकच फिल्म दोन डॉक्टरांनी वाचली तर सहा-आठ महिन्यांचा फरक सहज पडतो. मीच जेवणाआधी आणि जेवणानंतर वाचली तरी थोडा पडत असेल.

हे काम यंत्राला मानवलं, याची कारणं साधी आहेत. एकच प्रकारची फिल्म, उत्तर एकच आकडा, आणि शिकवायला सगळ्या वयांचीच मुलं. २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेच्या रेडिऑलॉजी संस्थेने यावर स्पर्धा घेतली. अमेरिकेतल्या दोन बालरुग्णालयांतल्या १४ हजारांहून जास्त फिल्म दिल्या, आणि पहिल्या आलेल्या टोरांटोच्या चमूचा सरासरी फरक सव्वाचार महिन्यांच्या आसपास होता. डेन्मार्कचं बोनएक्सपर्ट हे सॉफ्टवेअर तर त्याच्याही आधीपासून, २००९ पासून युरोपात वापरात आहे. पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत भारतीय मुलांवर ते पडताळून पाहिलं गेलं, ही मला जास्त मोलाची गोष्ट वाटते. या सॉफ्टवेअरचा मला आवडणारा गुण वेगळाच आहे. हाडांची ठेवण विचित्र दिसली तर ते फिल्म नाकारतं, आकडा देत नाही. मुडदूस झालेल्या किंवा हाडांचा जन्मजात विकार असलेल्या मुलाच्या हातावर आकडा लावणं म्हणजे फसवणूक. 'मला हे जमणार नाही' म्हणणारं यंत्र माझ्या लेखी शहाणं.

याच विषयाला एक कायद्याची किनार आहे. मूल अठराच्या आतलं की बाहेरचं, हा प्रश्न कोर्टात येतो तेव्हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. हा क्रम शहाणपणाचा आहे, कारण हाडं वय सांगतात ते अंदाजाने, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे. आता यंत्र '१७.३ वर्षं' असा दशांशातला आकडा छापतं. त्या दशांशाकडे बघून कुणाला वाटावं की वादच मिटला. यंत्र हाडांचं वय बारकाईने सांगतंय, मुलाचं नव्हे. दोन मुलांची हाडं एका वयात एकसारखी पिकत नाहीत, हे निसर्गाचं अंतर कुठलंच सॉफ्टवेअर मिटवू शकत नाही. बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या क्रिकेटपटूंचं वय तपासायला अशीच मनगटाची फिल्म वापरतं, तिथेही पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मोडलेल्या हाडांबाबत माझं मत अजून दोलायमान आहे. मनगटाची साधी मोड, विशेषतः हाड तुटत नाही पण कड किंचित फुगते तो प्रकार, यंत्रं चांगली पकडू लागली आहेत. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये मुलांच्या मनगटांच्या २०,३२७ खुणा केलेल्या फिल्म सगळ्यांसाठी खुल्या केल्या, त्याचा फायदा दिसतोय. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत एकट्या बसलेल्या ज्युनिअर डॉक्टरला असा मदतनीस हवाच. पण कोपर? मे महिना आला की आंब्याच्या झाडावरून पडलेली कोपरं येऊ लागतात. कोपरात सहा ठिकाणी हाडाचे ठिपके ठरलेल्या क्रमाने उगवतात, साधारण पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षी. आतल्या बाजूचा ठिपका पाचव्या वर्षी येतो, सांध्यातला मधला सातव्या. आता आठ वर्षांच्या मुलाच्या फिल्मवर मधला ठिपका दिसतोय पण आतला दिसत नाही, तर? तर तो मधला ठिपका मधला नाहीच. आतला तुकडा तुटून सांध्यात जाऊन अडकलाय, आणि मुलाला ऑपरेशन लागणार आहे. इथे दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा न दिसणारी गोष्ट वाचावी लागते. संशयाच्या जागेभोवती चौकट काढून दाखवणारं यंत्र जे आहे त्याभोवतीच चौकट काढतं. नसलेल्या ठिपक्याभोवती कुठे काढणार? अशा वेळी जुना उपाय कामी येतो : दुसऱ्या, न दुखावलेल्या कोपराची फिल्म काढून शेजारी ठेवायची.

क्षयाचं थोडक्यात सांगतो, कारण गावोगावच्या शिबिरांत हातात धरायचं एक्स-रे मशिन आणि एआय ही जोडी आता दिसू लागली आहे. मुंबईच्या क्यूअर डॉट एआय कंपनीचं सॉफ्टवेअर या कामात जगभर गेलंय, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये अशा सॉफ्टवेअरला क्षयाच्या चाळणीसाठी मान्यता दिली. मात्र ती शिफारस १५ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठीच होती, आणि त्याला कारण आहे. मोठ्यांचा क्षय फुफ्फुसाच्या वरच्या भागात खड्डे पाडतो. मुलांचा बहुधा फुफ्फुसाच्या मुळाशी गाठी वाढवतो, आणि त्या हृदयाच्या सावलीआड लपतात, त्या शोधायला बाजूने काढलेली फिल्म लागते. मुलाला बेडका काढता येत नाही, त्यामुळे खात्री करून यंत्राला 'हे बघ, हा क्षय' असं शिकवणंही अवघड. शिबिरात लहान मुलाचा कागद 'नॉर्मल' आला म्हणून घरात क्षयाचा रुग्ण असताना निश्चिंत राहू नका.

आता ज्या ठिकाणी एआय मुलांचं सगळ्यात जास्त भलं करतंय, ते रिपोर्टच्या कागदावर दिसतच नाही. एमआरआयला आलेलं दोन वर्षांचं मूल आठवा. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवून आणा, काही खायला देऊ नका, मग झोपेचं सिरप, ते ओकलं तर पुन्हा थोडं, तरी जागं राहिलं तर भूलतज्ज्ञ. सगळं कशासाठी? अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहण्यासाठी. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकने २०१८ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पापासून एक वाट मोकळी झाली : मशिनने कमी माहिती गोळा करायची आणि उरलेलं चित्र एआयने पुरं करायचं. तपासणीचा वेळ चांगलाच घटतो. काही महिन्यांच्या बाळाला तर आम्ही दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, त्याच्या झोपेतच तपासणी उरकतो. दहा मिनिटांची तपासणी असेल तर हे जमतं, चाळीस मिनिटांची असेल तर नाही.

सीटीचंही तसंच. कमी किरणांत काढलेलं खरखरीत चित्र साफ करणारी एआय प्रणाली २०१९ पासून नव्या मशिनमध्ये येऊ लागली. मुलांसाठी याचं महत्त्व काय, ते ब्रिटनच्या २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासावरून कळेल : दहा वर्षांखालच्या मुलांच्या डोक्याच्या दर १०,००० सीटींमागे पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कॅन्सरचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण. धोका छोटा आहे, गरजेचा सीटी यावरून टाळू नये, पण निम्म्या किरणांत भागत असेल तर भागवावं. (छातीच्या साध्या एक्स-रेला यात ओढू नका. तो तर काही दिवसांत निसर्गातून मिळतात तेवढ्याच किरणांचा.) एक सावधगिरी मात्र आहे. चित्र पुरं करणारं यंत्र क्वचित नसलेली रेघ काढतं किंवा असलेला बारीक ठिपका पुसतं. २०२० मध्ये मेंदूच्या एमआरआयवर अशी स्पर्धा झाली तेव्हा परीक्षक डॉक्टरांना काही चित्रांत असे कल्पित तपशील सापडले होते. म्हणून चित्र गुळगुळीत दिसलं की मी खूश होत नाही, जरा जवळ जाऊन बघतो.

तुम्ही पालक म्हणून काय करू शकता? सेंटरला फोन करून विचारा, हे सॉफ्टवेअर कोणत्या वयापासून वापरायला मान्य आहे. प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात वयाची ओळ असते. तुमच्या बाबतीत ती बहुधा 'प्रौढांसाठी' अशी निघेल, आणि चार महिन्यांच्या मुलीच्या फिल्मवर तो शेरा छापून हातात देणं ही सेंटरची चूक ठरेल. दुसरं, खाली रेडिऑलॉजिस्टची, म्हणजे फिल्म वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरची, सही आहे का ते बघा. सही नसलेला शेरा म्हणजे रिपोर्ट नव्हे. तिसरं, मुलीच्या फिल्म यंत्र शिकवायला कुणी मागितल्या, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. नाव-गाव काढून टाकून कुणी रीतसर मागत असेल, तर माझा वैयक्तिक सल्ला, द्या. आपल्या मुलांच्या फिल्म त्या ढिगात नाहीत म्हणूनच तर हा सगळा प्रपंच.

आणि तुमची मुलगी. बालरोगतज्ज्ञांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, वजन पाहिलं, नख-ओठ पाहिले आणि 'काही नाही' म्हणाले, यातलं एकही काम त्या कागदाने केलेलं नाही. मनाच्या समाधानासाठी मूळ फिल्म, मोबाइलवर काढलेला फोटो नव्हे, एखाद्या रेडिऑलॉजिस्टला दाखवा आणि थायमस आहे का तेवढं विचारा. दूध पिताना तिच्या कपाळावर घाम येतो का, धाप लागून मध्येच सोडून देते का, वजन वाढायचं थांबलंय का, ओठ निळसर दिसतात का, एवढ्यावर लक्ष ठेवा. यांतलं काही दिसलं तर दुसऱ्या एक्स-रेच्या मागे न लागता सरळ डॉक्टरांकडे जा, ते हृदयाची सोनोग्राफी सांगतील. ओठ निळे पडले किंवा श्वासाला बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.